आमची वाटचाल: मखमलाबाद शिवारातली हॅचरी

आम्ही एक दिवसाची पिल्लं विकतो. बाय-बॅक, म्हणजे वाढवलेले पक्षी किंवा अंडी परत विकत घेण्याची हमी, देत नाही, कधी दिली नाही, देणारही नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण दुपारपर्यंत येणारे निम्मे फोन ‘ताई, माल परत घेता का?’ इथूनच सुरू होतात. वाटचाल त्यानंतर.

सुरुवात 1999 ची. नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात आमची द्राक्षबाग होती आणि बांधावर सासूबाईंच्या कोंबड्या. खुडूक (अंडी देणं थांबवून उबवायला बसणारी) कोंबडी रवणीला बसवायची, डालग्याखाली बारा-तेरा अंडी, पिल्लांच्या तलंगा (तरुण कोंबड्या) झाल्या की बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात न्यायच्या, एवढाच त्यांचा व्यवहार. माल अकरा वाजता संपायचा आणि मागणारी माणसं तशीच उभी राहायची. पण गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देणार, त्यात दोन-तीनदा खुडूक होणार. तिच्या भरवशावर धंदा वाढत नाही. अंडी उबवायचं मशीन हवं होतं.

कंपनीचं मशीन आमच्या ऐपतीबाहेर होतं. अंबडच्या एमआयडीसीत पॅनल बोर्डाचं काम करणारे एक मिस्त्री यजमानांच्या ओळखीचे होते. बंद पडलेल्या एका फार्मवरून त्यांनी जुनी लाकडी पेटी आणली आणि आमच्या पडवीत ती उलगडून पुन्हा उभी केली. मजुरी घेतली नाही, चार आणे भागीदारी मागितली. मी लगेच दिली. त्या पेटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आजच्या डिजिटलवाल्यांना ते ठाऊक नसतं.

आत इथर भरलेली पितळी कॅप्सूल असायची. उष्णता वाढली की ती फुगते, मायक्रोस्विच दाबते, हीटर बंद. थंड झाली की आकसते, हीटर चालू. वर एक स्क्रू. तो पाव आटा फिरवला तरी आतलं हवामान बदलायचं, म्हणून मिस्त्रींनी त्यावर लाल ऑइलपेंटची खूण केली होती आणि तिला हात लावायची मुभा फक्त मला होती. कोरडा थर्मामीटर साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट, ओला (दमटपणा मोजायचा) पंच्याऐंशीच्या आसपास. ओल्या थर्मामीटरला वात म्हणून बुटाची सुती नाडी, ती दर आठवड्याला बदलायची. शेवटचे तीन दिवस अंडी हॅचरमध्ये (पिल्लं फुटायच्या पेटीत), फिरवणं बंद, ओला काटा नव्वदीच्या वर. हे जमलं की पिल्लू स्वतः कवच फोडतं, त्याला मदत करावी लागत नाही. (मदत करूही नका. कवचातून ओढून काढलेलं पिल्लू बहुतेक वेळा तगत नाही.)

डिजिटल कंट्रोलर आता आमच्याकडेही आहे. पण कॅप्सूल काढलेली नाही. कंट्रोलर अडकला आणि हीटर सुरूच राहिला तर तीच मशीन वाचवते. भारनियमनाच्या वर्षांत दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची, तेव्हा मिस्त्रींचा एकच नियम होता: अंडं थंडी सोसतं, उष्णता सोसत नाही. वीज गेली, पंखा थांबला की लोक मशीनवर गोधड्या टाकतात. पंधरा दिवसांपुढचं अंडं स्वतःच उष्णता सोडत असतं, वरच्या ट्रे भाजून निघतात. त्या वेळी झरोके उघडायचे असतात. मिस्त्री 2014 मध्ये गेले. त्यांचे चार आणे आजही त्यांच्या घरी पोचतात.

आता 2006.

18 फेब्रुवारी, शनिवार. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाल्याचं जाहीर झालं. देशातली पहिलीच लागण. रात्री टीव्हीवर पांढऱ्या सुटातली माणसं पोत्यांत कोंबड्या भरताना दिसत होती. नवापूर कुठे, तिकडे गुजरातच्या हद्दीला, आणि आम्ही कुठे. पण रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. दिंडोरी, घोटी, सिन्नर, सगळ्यांचं एकच: पिल्लं नकोत, ॲडव्हान्स परत करा. मी परत केले. एकाचाही बुडवला नाही, हे त्यांच्यातल्या काहींना आज आठवत नाही.

दुकानदार शटर ओढून घरी बसू शकतो. हॅचरीवाल्याला ती सोय नाही. सेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) तीन आठवड्यांची अंडी एकाच वेळी असतात, कुठली दोन दिवसांची, कुठली अठरा दिवसांची. आत गेलेलं अंडं 21 व्या दिवशी फुटणारच, बातम्या काहीही असोत. मंगळवारी पिल्लं निघाली, शुक्रवारी निघाली, पुन्हा मंगळवारी. नवीन अंडी बसवणं आम्ही थांबवलं, पण उबवायच्या अंड्यांसाठी पाळलेल्या पॅरेंट कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या नाहीत, आणि खायला अंडं घेणाराही कोणी उरला नव्हता. खाद्यवाल्याने उधारी बंद केली. शेजारच्या बागेत मजूर येईनात म्हणून शेजाऱ्यांनी आमच्याविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेले. काही निघालं नाही. पण ‘काही निघालं नाही’ ही बातमी कुणी छापत नाही.

पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर चिकन खाल्लं, चांगलं केलं. त्याने ब्रॉयलर सावरायला लागला. आमच्यासारख्यांचं मरण पुढेच होतं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात लागण निघाली ती परसातल्या कोंबड्यांत. नवापूरचे मोठे बंदिस्त फार्म होते, त्यामुळे तोवर लोक म्हणत होते की गावरानला काही होत नाही. तेही गेलं. बँकेतून हप्त्यासाठी माणूस आला. मी हिशेबाच्या वह्या घेऊन बसले, तर म्हणतो, ‘वहिनी, साहेबांना पाठवा.’ साहेब बागेत द्राक्ष काढत होते आणि त्यांना हॅचरीचा खर्च किती हे आजही विचारलं तर सांगता येणार नाही.

पिल्लं मारायची नाहीत, एवढं मी ठरवलं होतं. उन्हाळ कांदा निघायला अवकाश होता, चाळ रिकामी होती. तिला चहूबाजूंनी गोणपाट शिवलं, खाली भाताचं तूस पसरलं आणि बल्बऐवजी रॉकेलच्या कंदिलांवर ब्रूडिंग केलं, म्हणजे पिल्लांना ऊब दिली. मका आमचाच होता, तो भरडून घातला. तरी किती पुरणार?

त्या बुधवारी मावशी आल्या. हरसूलकडच्या एका पाड्यावरच्या. अगदी पहिल्या वर्षापासून आमच्या गिऱ्हाईक. बाजार करून दुपारी आमच्याकडे यायच्या, पिल्लं निवडायच्या नाहीत, नुसतं खोक्यात हात घालून पायांचा गारवा बघायच्या. पाय गार लागले तर त्या दिवशी घ्यायच्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर असायचं. मी म्हटलं, मावशी, बातमी आयकली का?

‘आयकली. तुझी मेली का एखादी?’

‘नाही.’

‘माझीबी नाही. मग दे.’

नेहमी पन्नास नेणाऱ्या बाईंनी त्या दिवशी चार खोकी नेली, म्हणजे चारशे. पैसे आखाडात, तोवर घरची नागली आणि वरई. त्यांनी ती पाड्यावर घरटी वाटली. पुढच्या बुधवारी शेजारच्या पाड्यावरच्या बायका घेऊन आल्या. सीबीएसवर (नाशिकच्या मुख्य एसटी स्थानकावर) हरसूलच्या गाडीचा कंडक्टर खोकी घ्यायला तयार नव्हता. मावशींनी एक खोकं मांडीवर घेतलं, बाकीच्या बायकांनी बाकीची, आणि त्याला म्हणाल्या, ‘तिकीट फाड पिल्लांची.’ शेवटी त्याने लगेज लावलं.

आखाड आला तोवर भीती ओसरली होती, आणि बाजारात गावरान कोंबडाच नव्हता, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी पिल्लं टाकलीच नव्हती. चारशेतले जे जगले ते मावशींच्या पाड्यावर होते. भाव त्या म्हणतील तो मिळाला. सगळ्यांचे पैसे त्या एकट्या घेऊन आल्या, कुणाचे किती ते तोंडपाठ. ज्यांनी ॲडव्हान्स परत नेले होते ते श्रावण संपल्यावर फोन करायला लागले. त्यांना मी पिल्लं दिली, पण मावशींचं खोकं आधी भरायचं, हा नियम तेव्हापासून आहे.

नंतरची दहा-बारा वर्षं धंदा चालला. वनराजा, गिरिराज या सुधारित जाती आणल्या, बदकाची आणि लाव्यांची अंडी बसवून पाहिली, मशीन वाढवलं. मधे इमूची लाट आली आणि गेली, आम्ही तिच्यात पडलो नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

2018 मध्ये मात्र एका कंपनीने शहरात एसी ऑफिस थाटलं. कडकनाथ, म्हणजे काळ्या कोंबडीची जात. त्याच वर्षी झाबुआच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं होतं, तेव्हा नाव सगळीकडे गाजत होतं. यांची योजना अशी: शेडसकट पक्ष्यांचं युनिट आमच्याकडून घ्या, अंडी आम्ही विकत घेतो, एका अंड्याला पन्नास रुपये, करार स्टॅम्पपेपरवर. हॉलमध्ये मेळावे, जेवणावळी, फेटे. माझी वीस वर्षांची गिऱ्हाइकं तिकडे गेली. जाताना सांगून गेली असती तर वाईट वाटलं नसतं. त्यांचा एजंट गावोगाव म्हणायचा, ‘त्या मखमलाबादच्या बाईंच्या पिल्लांत भेसळ आहे, आणि बाय-बॅक देत नाहीत म्हणजे त्यांचाच त्यांच्या मालावर विश्वास नाही.’ हे मला तीन तालुक्यांतून ऐकायला मिळालं.

विचारायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न केला: पन्नास रुपयांचं अंडं खातंय कोण? कडकनाथ चांगला पक्षी आहे, काटक आहे, मटण चविष्ट आहे. पण वर्षाला अंडी शंभराच्या आत, वाढ हळू, पाच-सहा महिन्यांनी कुठे सव्वा-दीड किलो. ती कंपनी अंडी विकत घेऊन बाजारात विकत नव्हती. त्याच अंड्यांतून पिल्लं काढून पुढच्या शेतकऱ्याला नवीन युनिट विकत होती. पुढचा शेतकरी मिळेनासा झाला, त्या दिवशी अंड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. 2019 मध्ये ऑफिसला कुलूप लागलं. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण महिनाभरात आमच्या गेटवर काळ्या कोंबड्यांची पोती घेऊन माणसं उभी राहिली, ‘ताई, तुम्ही तरी घ्या’, तेव्हा तो आनंद टिकला नाही. ज्यांनी लसीची नोंद दाखवली त्यांच्या मोजक्या घेतल्या, वेगळ्या ठेवल्या, घरगुती पाळणाऱ्यांना विकल्या. बाकीच्यांना नाही म्हटलं. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

2020 मध्ये कोंबडीने कोरोना होतो म्हणून पुन्हा तेच. या वेळी चाळ आधीच शिवून ठेवली होती.

आता पाळणाऱ्यांसाठी थोडं, विचारलं नसलं तरी. पिल्लं घरी पोचली की आधी गुळाचं पाणी, दोन-तीन तासांनी खाद्य. पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट ऊब, मग दर आठवड्याला पाच-पाचने कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला पळून चोच उघडली तर उष्णता. निफाडकडच्यांनी डिसेंबर-जानेवारीत पिल्लं नेऊच नयेत, तिथली थंडी काय असते हे त्यांना मी सांगायला नको. लसी अशा: लासोटा (मानमोडीची) पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी (तीही मानमोडीची). लसीची बाटली शेकड्याच्या डोसाची मिळते, म्हणून वीस कोंबड्यांवाला लस टाळतो आणि मग मानमोडीने (राणीखेत रोगाने) खुराडं रिकामं होतं. पाच घरांनी मिळून एक बाटली आणा, बर्फावर आणा, उघडल्यावर लगेच संपवा. शेजारी द्राक्षाला फवारणी असेल त्या दिवशी कोंबड्या कोंडा. सोबत संगमनेरी शेळ्या ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) वेगळी, आणि कोंबडीखाद्याचं पोतं शेळीच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. एका रात्रीत पोट फुगून शेळी जाते, आणि फोन आम्हाला येतो.

आखाडासाठी कोंबडे हवे असतील तर पिल्लं माघ-फाल्गुनात न्यावी लागतात. ज्येष्ठात ‘तयार कोंबडे आहेत का’ विचारणाऱ्यांनी बुधवारच्या बाजारात जावं. आमची पिल्लं मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात, सकाळी दहाच्या आत न्या. रिकामी खोकी परत आणू नका. धुतलेली असली, उन्हात वाळवलेली असली, तुम्ही कितीही जुने असलात, तरी गेटच्या आत घेणार नाही. मावशींचीही घेत नाही.