मामांच्या मानेतली गाठ

रावेरचे माझे मामा. केळीच्या बागेत जन्म गेला, पण तंबाखूची पुडी कधी कमरेला नाही. गेल्या पावसाळ्यात दाढी करताना मानेत गाठ लागली, न दुखणारी. दोन महिने हळदीचा लेप लावला. (मामींचा हट्ट, दुसरं काय!) शेवटी जळगावला तपासणी केली, तर टॉन्सिलचा कॅन्सर.

"मी ते कधी सुपारी बी खादी नही, मंग मलेच कसं व्हयनं?" मामांचा हा प्रश्न रास्त होता. पहिल्या डॉक्टरांनी तर "खरं सांगा, काय खाता?" असंच दरडावलं.

गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत पी१६ नावाचं प्रथिन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे मागे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) असण्याची दाट शक्यता. हा विषाणू बायकांच्या गर्भाशयमुखाचा, एवढंच मला माहीत होतं. पण त्याचा १६ नंबरचा प्रकार टॉन्सिल, जिभेचं मूळ, गुदद्वार आणि पुरुषाच्या लिंगातही कॅन्सर करतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीची बेलगाम वाढ रोखणारे दोन राखणदारच निकामी करतात. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावतं, काहींच्यात तो दबा धरून बसतो. लागण वीस-तीस वर्षांपूर्वीचीही असू शकते.

तो शरीरसंबंधातून पसरतो हे कळल्यावर भाऊबंदकीत कुजबुज झालीच. मामी मात्र पिठलं-भाकरीचा डबा घेऊन रोज रेडिएशनच्या रांगेत. अशा गाठी उपचारांना तंबाखूवाल्यांपेक्षा चांगली दाद देतात, हे ऐकून त्या पहिल्यांदा नीट जेवल्या.

मी पोरासाठी एचपीव्हीच्या लसीची चौकशी केली. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयाच्या मुलांनाही चालते. औषधवाला म्हणाला, "ही पोरींची असते ना, भाऊ?"