मोरबे धरणाचं वजन आकाशातून करता येईल का?

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती रील परत फिरतेय, हिंद महासागरात म्हणे गुरुत्वाकर्षणाचा खड्डा आहे, मागे एकदम हॉरर पिक्चरचं म्युझिक, आणि खाली लगेच कुणीतरी विचारलंय की मग तिथे जहाजं बुडतात का. नाही बुडत हो. श्रीलंकेच्या दक्षिणेला एक भलामोठा पट्टा आहे जिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी पडतं, त्यामुळे तिथला समुद्र, लाटा भरती-ओहोटी सगळं बाजूला ठेवलं तर, पृथ्वीचा जो गुळगुळीत आदर्श आकार धरतात त्याच्यापेक्षा १०६ मीटरच्या आसपास खाली बसलाय. पण हा उतार हजारो किलोमीटरवर पसरलेला, जहाजाला पत्ताही लागत नाही. २०२३ मध्ये बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, संशोधकांनी त्याचं कारणही मांडलं, की पृथ्वीच्या पोटात आफ्रिकेच्या बाजूने सरकत आलेलं गरम आणि हलकं द्रव्य तिथे खाली आहे. रीलमध्ये अर्थात यातलं काहीच नाही.

तो खड्डा लाखो वर्षं तसाच राहणार, त्यात दरमहा बघण्यासारखं काही नाही. मला जास्त भारी वाटतं ते दर महिन्याला बदलणारं गुरुत्वाकर्षण. म्हणजे आपण शाळेत ९.८ पाठ केलं आणि सोडून दिलं, पण तो आकडा दशांशानंतर बऱ्याच पुढे जाऊन बघितला तर तो पावसाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा असतो, कारण पाण्याला वजन आहे, आणि वजन आहे म्हणजे ओढ आहे. जमिनीवर सगळीकडे एक सेंटिमीटर पाणी साचलं तर गुरुत्वाकर्षण किती वाढतं माहितीये? ९.८ मधला साधारण दोनशे कोटीवा भाग. आणि हे मोजतात, चक्क पाचशे किलोमीटर वरून.

यात आपल्या देशाचा जुना हात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात भारताची ती प्रचंड त्रिकोणमितीय मोजणी चालू होती तेव्हा कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक यायचं आणि ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं, फरक ५ सेकंद कोनाचा (हा सेकंद वेळेचा नाही, अंशाचा ३६०० वा भाग). ताऱ्यांचं माप ओळंब्यावर अवलंबून, आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जातोय अशी शंका. कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या पाद्र्याने हिमालयाचं वजन धरून गणित मांडलं तर उत्तर आलं १५ सेकंदांच्या वर, म्हणजे हिमालय दिसतो तेवढ्या जोरात ओढतच नव्हता! त्यावरून १८५५ मध्ये जॉर्ज एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असणार. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला जो ओळंबा सोडतो त्यानेच हिमालयाच्या पायाचा अंदाज आला. असो, विषय सॅटेलाइटचा आहे.

तर लेझर आणि सॅटेलाइटची जोडी आधी जमली ती उलट्या बाजूने, लेझर खाली आणि आरसा वर. १९७६ मध्ये नासाने लेजिओस नावाचा एक गोळा सोडला, ६० सेंटिमीटरचा, चारशे किलोचा, आणि त्यावर ४२६ आरसे, गणपतीच्या डेकोरेशनमध्ये तो फिरणारा आरशांचा बॉल असतो ना तसा. आत मशीन नाही, बॅटरी नाही, काहीच नाही. जमिनीवरून लेझरचा झोत मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, की गोळा नेमका कुठे आहे ते कळतं, आणि तो मार्ग सोडून जरा इकडे-तिकडे झाला तर खालच्या पृथ्वीने त्याला कसं ओढलं ते कळतं. पण तो उडतो जवळजवळ सहा हजार किलोमीटर उंचीवर, तिथून पृथ्वीच्या चपटेपणासारख्या ढोबळ गोष्टीच दिसणार.

बारकावे हवे असतील तर खाली यायला पाहिजे, आणि एक नाही, दोन सॅटेलाइट पाहिजेत. ती ग्रेस मोहीम, नासा आणि जर्मनीची मिळून, मार्च २००२ मध्ये सुरू झाली. दोन सारखे सॅटेलाइट, एकाच कक्षेत, एकामागे एक, मधलं अंतर साधारण २२० किलोमीटर म्हणजे नेरूळपासून कराडपर्यंत सरळ रेषा मारली तर तेवढं. आयडिया एवढी साधी आहे की राग येतो. समजा दोघं दक्षिणेकडून भारतावर येतायत आणि पुढे कुठेतरी वजन जास्त आहे, तर पुढचा आधी ओढला जातो, अंतर वाढतं. मग पुढचा त्या वजनाला ओलांडून गेला की ते त्याला मागे खेचतं आणि मागच्याला अजून पुढे, अंतर कमी होतं. बस्स. खाली बघायचा कॅमेरा नाहीच, दोघं फक्त एकमेकांमधलं अंतर मोजत राहतात, दिवसाला पंधरा-एक फेऱ्या, महिनाभर, आणि त्यातून पृथ्वीचा नकाशा निघतो.

पहिल्या जोडीने हे मायक्रोवेव्हने केलं, एका मायक्रॉनच्या आसपास अचूक, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ती २०१७ मध्ये संपली आणि २२ मे २०१८ ला तिची वारस, ग्रेस फॉलो-ऑन, कॅलिफोर्नियातून फाल्कन ९ रॉकेटवर गेली. हिच्यावर मायक्रोवेव्ह आहेच, पण सोबत ट्रायल म्हणून लेझरही बसवला. लेझरची वेव्हलेंग्थ १०६४ नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारी, आणि माप थेट नॅनोमीटरच्या घरात.

आता इथे मला जरा रेंगाळायचंय कारण यातली कारागिरी खरंच बघण्यासारखी आहे. पहिली अडचण जागेची. दोन्ही सॅटेलाइटना जोडणारी जी सरळ रेषा आहे तिच्यावर मायक्रोवेव्हचं सामान आणि गॅसच्या टाक्या आधीच येऊन बसलेल्या, लेझरला वाट कुठून देणार? तर त्यांनी एकमेकांना काटकोनात असलेले तीन आरसे अशा पद्धतीने लावले की प्रकाश एका बाजूने आत येतो, अडगळीला वळसा घालतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, आणि तरी गणिताने बघितलं तर माप बरोबर सॅटेलाइटच्या वजनाच्या मध्यबिंदूपासूनच पडतं. त्या मध्यबिंदूला प्रत्यक्षात दुसरंच यंत्र बसलेलं आहे! दुसरी अडचण अशी की २२० किलोमीटर जाईपर्यंत लेझर पसरतो, पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की नुसता आरसा लावून परत पाठवला तर हाती काहीच येणार नाही. म्हणून दुसरा सॅटेलाइट तो परत पाठवतच नाही, तो आलेल्या प्रकाशाच्या लयीला स्वतःचा लेझर जुळवून घेतो आणि ताज्या दमाचा झोत मागे सोडतो. आणि तिसरी म्हणजे सुरुवातीला दोघांनी एकमेकांना अंधारात शोधायचं, दोघंही सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतायत, थरथरतायत. जून २०१८ मध्ये पहिल्याच प्रयत्नात लिंक लागली. आमच्याकडे नवीन राउटर पहिल्या प्रयत्नात लागत नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, ते भरलं की आपल्याकडे जलपूजन होतं, फोटो येतात. क्षमता १९ कोटी घनमीटर, म्हणजे १९ कोटी टन पाणी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण हे सॅटेलाइट एकेक ठिपका बघत नाहीत, त्यांची नजर तीनशे-चारशे किलोमीटरची आहे, त्यापेक्षा बारीक दिसत नाही. मोरबेचं सगळं पाणी एक लाख चौरस किलोमीटरवर पसरवलं तर दोन मिलिमीटरही भरत नाही, आणि यांना पुसटसं काही दिसायला सेंटिमीटरभर तरी लागतं. त्यामुळे नाही, मोरबे नाही दिसत. पण कोयना, उजनी आणि जायकवाडी मिळून, मृतसाठा धरून, सव्वातीनशे टीएमसी धरा, तो आकडा नऊ अब्ज टनांच्या पुढे जातो. हे दिसतं. फक्त यातलं कोयनेचं किती, उजनीचं किती आणि शेतातल्या मातीत मुरलेलं किती हे वेगळं करून सांगता येत नाही, सगळं एकत्र वजन येतं.

मग म्हणाल लेझर आला ना, नॅनोमीटर आलं ना, आता नकाशा हजारपट स्पष्ट व्हायला हवा. नाही झाला, आणि इथे बातम्या लिहिणारे हमखास घसरतात. कारण अडचण पट्टीत नाहीये, बाकीच्या गोंधळात आहे. हवेलाच वजन आहे. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला म्हणजे डोक्यावरून एक सेंटिमीटर पाण्याएवढं वजन गेलं. आपल्याकडे जानेवारीपेक्षा जुलैत दाब आठ-दहा हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे खाली जमिनीत पावसाचं पाणी भरतंय आणि त्याच वेळी वरची हवा हलकी झालीये, आणि सॅटेलाइटला दोघांची बेरीजच कळते. शिवाय भरती-ओहोटी, शिवाय वर उरलेली विरळ हवा सॅटेलाइटला मागे रेटते ते वेगळं, तो रेटा मोजायला आत ॲक्सिलरोमीटर आहे, आणि या नव्या जोडीतल्या एकाचा ॲक्सिलरोमीटर वर गेल्यावर थोड्याच दिवसांत बिघडला, तेव्हापासून दुसऱ्याच्या मापावरून याचं माप काढून काम भागवतात. हे सगळं वजा करून जे उरतं ते पाणी आणि बर्फ. वजाबाकी जेवढी चांगली तेवढाच नकाशा चांगला, लेझर कितीही धारदार असला तरी.

आणि तरीसुद्धा या वजाबाकीतून जे निघालंय ते दुसऱ्या कशाने निघालं नसतं. २००९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक पेपर आला, त्यात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा, दिल्ली धरून, २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल गेलं असा हिशोब होता. म्हणजे आपली पाचशेहून जास्त मोरबे धरणं! पाऊस त्या काळात काही फार कमी नव्हता, हे उपशाचं होतं. कुणाच्या पंपाला मीटर लावला नाही, कुणाला फॉर्म भरायला लावला नाही, वरून वजन केलं आणि कळलं. ग्रीनलंडचं तसंच, वर्षाला अडीचशे अब्ज टनांच्या वर बर्फ जातोय हा आकडा याच जोड्यांनी दिला.

हे मी जालन्याच्या मामांना फोनवर सांगत होतो, तर त्यांनी एकच विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे, आमच्या बोअरचं दिसतंय का त्याला?" म्हटलं मामा, तुमच्या एकट्याच्या बोअरचं नाही दिसत. "मग पंजाबचं बरं दिसतंय!" प्रश्न बरोबर आहे त्यांचा. पंजाबात खाली गाळाची माती आहे, शेकडो मीटर जाड, त्यात पाणी मावतं खूप आणि उपसलं तर खूप जातं, वर्षानुवर्षं उतरती रेष दिसते. आपल्याकडे काळा पाषाण. त्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाड थरात, साठाच मुळात थोडा, चांगला पाऊस झाला की भरतो आणि मार्चपर्यंत संपतो. मामांची बोअर आटते तेव्हा त्यांच्या दृष्टीने जग बुडालेलं असतं, पण वजनात ते थोडंच असतं. त्यामुळे मराठवाड्याचा दुष्काळ वरून सौम्य दिसू शकतो आणि तो तसा नसतो, हे नकाशावरचे लाल-निळे रंग बघताना डोक्यात ठेवलेलं बरं.

पुढची जोडी, ग्रेस-सी, २०२८ मध्ये सोडायचं ठरलंय, परत नासा आणि जर्मनी, आणि तिच्यात लेझर ट्रायल म्हणून नाही तर तेच मुख्य यंत्र. तोपर्यंत वरच्या जोडीने तग धरायला हवा, आणि सूर्य जास्त तापला की वरची हवा फुगते, सॅटेलाइट लवकर खाली येतात, हा हिशोब कुणाच्या हातात नाही. २०१७ आणि २०१८ च्या मध्ये नोंदींमध्ये जवळपास वर्षभराचं भोक आहेच. तसं परत पडलं आणि नेमका त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तर खालून किती उपसलं ते कळायला पुन्हा केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींवर विसंबायचं, ज्यांची पातळी वर्षातून चारदा मोजतात.