तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्टिओपॅथीला गेलं की नक्की काय होतं?

"ताई, तू ते ऑस्टिओपॅथीचं करतेस ना, त्यात काय हाडं कडाकडा मोडतात का गं?" इथे कॅनडात, मिसिसॉगात गणपतीची आरती झाली की प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर बारा महिने येतो. रांगेत उभं राहून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी माझी बाजू स्पष्ट करते. मी महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकले, तिकडे प्रॅक्टिस केली, कॅनडात आल्यावर मॅन्युअल ऑस्टिओपॅथी, म्हणजे स्नायू-सांध्यांवर नुसत्या हातांनी करायचे उपचार, शिकले आणि आता तेच करते. पण ऑन्टॅरिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, मी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही, ते नाव कायद्याने डॉक्टरांसाठी राखून ठेवलंय, म्हणून आमच्या पाटीवर 'ऑस्टिओपॅथिक मॅन्युअल प्रॅक्टिशनर' असं लांबलचक लिहिलेलं असतं. अमेरिकेत डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले) म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं लिहिणार, ऑपरेशनही करणार. इंग्लंडमध्ये १९९३ साली वेगळा कायदा झाला, तिथे नोंदणी असल्याशिवाय कुणी ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही, पण ते आपल्या अर्थाने डॉक्टर नसतात. मूळ सगळ्यांचं एकच, अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा अमेरिकन माणूस, ज्याची मुलं १८६४ साली मेंदूज्वराने गेली आणि त्यावेळच्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. त्याने १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. एवढा इतिहास पुरे, पण तुमचा अमेरिकेतला भाऊ आणि तुम्ही एकाच नावाखाली वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असाल हे लक्षात राहू द्या.

आता कडाकडाचं. मणक्याला पटकन झटका देऊन त्याच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे हलवणं हे ऑन्टॅरिओत 'कंट्रोल्ड अ‍ॅक्ट' आहे, म्हणजे कायद्याने ठराविक लोकांनाच करता येणारं काम, कायरोप्रॅक्टरला (मणक्याला झटका देऊन उपचार करणाऱ्याला) किंवा परवानगी असलेल्या फिजिओला चालतं, मला नाही. त्यामुळे माझ्याकडे मान पिरगाळून आवाज काढणं होत नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. तसंच 'तुम्हाला अमुक आजार झालाय' असं निदान सांगणंही माझ्या अधिकारात बसत नाही. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो, मग काय उपयोग असं वाटतं, पण माझ्या मते पेशंटने सगळ्यात आधी हेच विचारावं की बाई तुम्ही काय *करत नाही*. ज्याला स्वतःच्या कामाची हद्द सांगता येत नाही त्याच्या टेबलावर झोपू नका, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगते.

पहिली भेट साधारण तासाभराची असते आणि त्यातला बराच वेळ मी हातच लावत नाही. नुसते प्रश्न. कधीपासून दुखतंय, रात्री झोपेतून उठवतं का, कशाने वाढतं, आधी कुठे पडलात का, ऑपरेशनं, बाळंतपणं, काम काय करता, ट्रक चालवता की वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी की दिवसभर लॅपटॉप. लोकांना हे नको असतं, कंबर दुखतीये तर कंबरेला हात लावा ना असं असतं. पण एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. सांगलीकडचे एक काका, मुलाकडे सुपर व्हिसावर (आईवडिलांना मिळतो तो लांब मुदतीचा व्हिसा) आलेले, बर्फ उपसताना कंबरेत उसण भरली. आले ते वाकडेच, म्हणाले "गावाकडं असतो तर पायाळू माणसाचा पाय लावून घेतला असता, इथं कुठं शोधायचा पायाळू." फॉर्मवर औषधांच्या जागी त्यांनी फक्त बीपीची गोळी लिहिलेली. मी परत परत विचारलं तेव्हा म्हणाले हो, ते रक्त पातळ करायची एक चालू आहे, पण ती हार्टची, तिचा कंबरेशी काय संबंध? संबंध असा की रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मी खोल दाब देतच नाही, पटकन काळंनिळं होतं, आणि काका पडले असते किंवा आपटले असते तर आधी डॉक्टरकडेच पाठवलं असतं. पडले नव्हते, नुसतं वाकण्याचं निमित्त. तरी मी त्यांच्या घरच्यांशी बोलून मगच पुढे गेले.

काही प्रश्न तर मी लाज न बाळगता विचारते, तुम्हीही लाजू नका. दोन मांड्यांच्या मधल्या भागात, म्हणजे सायकलच्या सीटवर बसतो तिथे, बधिरपणा आलाय का, लघवी अडकतीये किंवा कळतच नाहीये का, दोन्ही पायांतली ताकद जातीये का. यातलं एक जरी असेल तर माझ्याकडे नाही, थेट इमर्जन्सीत जायचं, त्याच दिवशी. ताप आणि पाठदुखी एकत्र, उगाच घटलेलं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला, हाडं ठिसूळ झालेली, यांनीही आधी डॉक्टर गाठायचा.

मग उभं करून बघते. मागून खांदे, कमरेचं हाड, पुढे वाका, बाजूला वाका, एका पायावर उभे राहा, श्वास घेताना खालच्या बरगड्या दोन्हीकडे सारख्या फुगतात का. मग टेबल. कपडे अंगावरच असतात, सैल पँट आणि टीशर्ट घालून या, तेल वगैरे काही नाही. बायकांना सोबत कुणी बसवायचं असेल तर खुशाल बसवा. आणि मी प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगते कुठे आणि कशाला, नको वाटलं तर मध्येच नको म्हणायचं, त्याचं कारण द्यावं लागत नाही.

काकांचं मी काय केलं ते सांगते म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल. पाठीवर झोपवलं, एक पाय सरळ उचलला, जिथे मांडीची मागची शिर ताणायला लागली तिथेच थांबले. टाच माझ्या खांद्यावर. म्हटलं काका, टाचेने माझ्या खांद्यावर हळूच दाबा, जोर नको, पाच-सहा सेकंद, हां, आता सोडा, श्वास सोडा. सोडला की पाय दोन बोटं आणखी वर येतो, आपोआप, ओढावा लागत नाही. असं तीन-चारदा. याला मसल एनर्जी टेक्निक म्हणतात, स्नायू त्यांचाच, जोर त्यांचाच, माझा खांदा फक्त भिंतीसारखा. मग कुशीवर वळवून कमरेच्या बाजूचे स्नायू हळूहळू, मग बरगड्यांखाली हात ठेवून श्वास. खूप सावकाश काम असतं, काहीजण घोरायला लागतात. उठल्यावर काका म्हणाले "झालं एवढंच?" हो, एवढंच. पण त्यांनी खुर्चीवर न टेकता मोजा घातला, येताना सुनेने घातला होता.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकू शकतं, एक-दोन दिवस, ते चालतं. त्यापेक्षा जास्त राहिलं किंवा मुंग्या वाढल्या तर फोन करायचा.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. "मणक्यात गॅप आलाय, बसवून दे" म्हणून लोक एमआरआय घेऊन येतात. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) हाताने मागे ढकलता येत नाही, कुणालाच नाही, तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा. आणि तो रिपोर्ट बघून घाबरू पण नका, २०१५ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात *काहीही दुखत नसलेल्या* लोकांमध्येही गादी फुगलेली दिसली, विशीतल्या ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या ८४ टक्क्यांत. हातांच्या उपचाराचा फायदा किती हेही खरं सांगायला हवं. फ्रान्समध्ये कंबरदुखीच्या ४०० लोकांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली, निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी आणि निम्म्यांना नुसते खोटे खोटे हात, फरक निघाला पण लहान, रोजच्या जगण्यात जाणवेल का याची शंका यावी इतका लहान. इंग्लंडच्या नाइसचा, म्हणजे तिथे उपचारांचे नियम सुचवणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्लाही असाच, हाताचे उपचार करा पण व्यायामाच्या जोडीनेच. कवटीची हाडं हलवून सगळं बरं करतो म्हणणारेही याच क्षेत्रात आहेत, त्याला चांगला पुरावा नाही आणि मी ते करत नाही. हे सगळं माहीत असूनही मी हे काम मनापासून करते, कारण दुखण्याने घाबरून आखडलेला माणूस टेबलावर तासभर सैल होतो, वाकायला धजावतो, आणि त्या धीरावर घरी जाऊन व्यायाम सुरू करतो. दुखणं व्यायामाने सुटतं, पण तो सुरू व्हायला कधी कधी असा एक तास लागतो.

पैशाचं. ओहिप, म्हणजे ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा, याचे पैसे देत नाही. ऑफिसचा इन्शुरन्स बहुतेक वेळा वर्षाला ठराविक रकमेपर्यंत देतो, पण आमच्यातल्या कुठल्या संघटनेचा सभासद त्यांना चालतो ते आधी फोन करून विचारा. या व्यवसायावर ऑन्टॅरिओत सरकारी नियंत्रण नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं शिकलेले आणि छोटा ऑनलाइन कोर्स केलेले शेजारी शेजारी बसलेले असतात. शिक्षण विचारायला संकोचू नका. अंदाजासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये नवख्या विद्यार्थ्यासाठी ४२०० तास सांगितलेत, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली पेशंट बघायचे. आणि डिसेंबरमध्ये "इन्शुरन्सचे बेनिफिट संपवायचेत, नवऱ्याच्या नावाने पावती दे" असं कृपया कुणालाच सांगू नका, तो सरळ फ्रॉड आहे, नोकऱ्या गेल्यात लोकांच्या.

किती वेळा यावं लागेल? माझं गणित साधं आहे, तीन-चार भेटींत तुमच्या मोजा घालण्यात, गाडीत बसण्यात, झोपेत काहीच फरक नसेल तर मी पुढची अपॉइंटमेंट देत नाही, फॅमिली डॉक्टरसाठी चिठ्ठी देते. वर्षभराचं पॅकेज आगाऊ विकत असतील तर घेऊ नका. येताना औषधांची यादी आणा, सगळ्या औषधांची, हार्टच्या गोळीपासून आयुर्वेदिक काढ्यापर्यंत.