नेढं

परवा भरदुपारी आभाळ भरून आलं आणि शर्टाच्या बटणासाठी घेतलेली सुई हातात तशीच राहिली. दोरा ओवता येईना. या सुईला नेढं आहे तरी का, इथपासून शंका. शेवटी गॅलरीत गेलो, सुई आभाळाकडे धरली, आणि दोरा पहिल्या झटक्यात आत!

आजी सुई ओवायला नेमकी उंबऱ्यात बसायची. आम्ही बसलो की ओरडायची, पण सुईपुरती तिला सूट असावी. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, चिमटीत पिळायचं, एक डोळा बारीक. तांदूळ निवडायला ओसरीची कड. आणि दिवेलागणीनंतर सुईला हात लावायचा नाही. आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची. घरात ४० वॅटचा एकच पिवळा बल्ब होता, हे कधी ध्यानात आलं नाही.

लख्ख उजेडात डोळ्याची बाहुली आक्रसून दोनेक मिलिमीटरची होते. एवढ्याशा भोकातून आलेले किरण कमी फाकतात, म्हणून जवळचं अक्षर चष्म्याशिवायही बऱ्यापैकी लागतं. उजेड कमी झाला की बाहुली पसरते आणि अक्षरं विरघळतात. त्यात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींना उजेड भरपूर लागतो. अंधारात ज्यांच्यावर भिस्त, त्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर नसतातच. गच्चीवर आजोबा कृत्तिका दाखवताना म्हणायचे, ‘तिच्याकडे नको बघूस, शेजारी बघ.’ शेजारी बघितलं की चांदण्यांचा झुबका उमटायचा. सरळ बघितलं की पुसट.

हल्लीच्या हॉटेलांत मुद्दाम अंधार करून ठेवतात, त्याचा मला मनापासून राग आहे. मेनूकार्डावर मोबाइलचा टॉर्च मारला की मुलगी दुसरीकडे बघते. तिची बाहुली अजून अंधारात ऐसपैस पसरते, भिंगही स्वच्छ आहे. माझी वयानुसार पसरायची कमी झाली आणि भिंग पिवळं पडत चाललंय. म्हणजे उजेड हवा जास्त, आणि आत पोचतो कमी. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं घरात सगळ्यांचं मत. मी म्हणतो, ट्यूब बदला.

बटण लावून झालं. सकाळी उन्हात पाहिलं, तर काळा म्हणून घेतलेला दोरा नेव्ही ब्लू निघाला.

असू दे. खालून दुसरं बटण आहे, शर्ट खोचला की दिसत नाही.