तांबड्या पेशींची हातमोजणी

स्मरणिकेत सर-बाईंच्या, मैदानाच्या, गॅदरिंगच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी सांगली-मिरजेच्या पॅथॉलॉजी लॅबमधला माणूस, त्यामुळे आज विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी माझ्या कामातलं एकच प्रकरण उघडतो: रक्तातल्या तांबड्या पेशी हाताने मोजणं. आता सेल काउंटर हे पेशी मोजणारं मशीन मिनिटभरात चिठ्ठी काढतं. तरी लॅब टेक्निशियनच्या अभ्यासात ही मोजणी शिकवतात, आणि बहुतेकांची ती मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधीच बिघडलेली असते.

सुरुवात पिपेटपासून, म्हणजे रक्त मापून ओढायच्या फुगा असलेल्या काचेच्या नळीपासून. आरबीसी (तांबड्या पेशींच्या) पिपेटच्या फुग्यात लाल मणी असतो. पांढरा दिसला तर ती डब्ल्यूबीसीची, पांढऱ्या पेशींची. खुणा तीन: ०.५, १ आणि १०१. रक्त ०.५ पर्यंत ओढायचं, टोक बाहेरून पुसायचं, मग डायल्युटिंग फ्लुइड (रक्त पातळ करायचं द्रावण) १०१ पर्यंत. तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न: १०१ पर्यंत भरून डायल्युशन १:२०० कसं? नळीतला १ भाग निव्वळ फ्लुइडचा असतो, तो फुग्यातल्या रक्तात मिसळतच नाही. म्हणजे १०० भागांत अर्धा भाग रक्त. चेंबर (पेशी मोजायची आखलेली काच) भरण्याआधी पहिले तीन-चार थेंब टाकून देतात ते याचसाठी. रक्त खुणेच्या वर गेलं तर टोकाला कापूस लावून ते खाली आणू नये. कापूस प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, शोषून घेतो, पेशी मागे राहतात आणि आकडा फुगतो. बोट पिळून रक्त काढलं की उलटं होतं, ऊतींतलं पाणी मिसळून आकडा खाली येतो. तोंडाने ओढणं आता बंदच. मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटर रक्त ४ मिली फ्लुइडमध्ये घेतलं की काम झालं.

फ्लुइड म्हणून साधं पाणी चालत नाही, पेशी फुटतात. जुन्या हेयेम फ्लुइडमध्ये २०० मिली डिस्टिल्ड वॉटरला सोडियम क्लोराइड १ ग्रॅम, सोडियम सल्फेट ५ ग्रॅम आणि मर्क्युरिक क्लोराइड अर्धा ग्रॅम असतं. यातला शेवटचा पदार्थ जहाल विषारी. शिवाय रक्तात ग्लोब्युलिन हे प्रथिन वाढलेलं असेल तर या फ्लुइडमध्ये पेशींचे गठ्ठे होतात. माझं मत फॉर्मल सायट्रेटच्या बाजूने: ३ टक्के सोडियम सायट्रेट ९९ मिली आणि फॉर्मालिन १ मिली.

आता न्यूबॉर चेंबर. त्याची कव्हरस्लिप (वर ठेवायची काच) खास जाड असते. नेहमीची पातळ कव्हरस्लिप थेंबाच्या ओढीने वाकते. जाड कव्हरस्लिप दाबून बसवली की कडेला इंद्रधनुषी वलयं दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर खाली धूळ आहे. चेंबरची खोली ०.१ मिमी, म्हणून शंभरांश मिलिमीटरचा फरकसुद्धा उत्तरात थेट १० टक्के होतो. थेंब कडेला टेकवला की आपोआप आत खेचला जातो. तो बाजूच्या चरात सांडला किंवा आत बुडबुडा राहिला, तर पुसून परत भरायचं. दोन-तीन मिनिटं पेशी खाली बसू द्यायच्या. सांगलीच्या एप्रिलमध्ये तेवढ्यातही कडा सुकायला लागतात आणि पेशी वाहत सुटतात. पंखा बंद ठेवावा आणि चेंबर ओल्या टिपकागदावर पेट्री डिशखाली झाकावं.

मोजणी मायक्रोस्कोपच्या ४० पट भिंगावर, खालचं उजेडाचं भिंग (कंडेन्सर) खाली घेऊन, उजेड कमी करून. मधल्या चौकोनातल्या २५ घरांपैकी चार कोपऱ्यांची आणि एक मधलं, प्रत्येकात १६, म्हणजे ८० बारीक घरं. डाव्या आणि वरच्या रेघेला टेकलेली पेशी धरायची, उजव्या आणि खालच्या रेघेवरची सोडायची. पाच घरांतले आकडे एकमेकांपासून फार लांब असले तर मिश्रण नीट झालेलं नाही. पिपेट पुन्हा हलवून नवा थेंब. या पाच घरांवरचं मिश्रण ०.०२ घन मिमी, डायल्युशन २००, म्हणून आलेल्या बेरजेला १०,००० ने गुणायचं. ४८० पेशी म्हणजे एका घन मिमी रक्तात ४८ लाख.

पण अशा मोजणीत योगायोगाचा फरक आकड्याच्या वर्गमूळाइतका, आणि दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरतात. ४८० चं वर्गमूळ साधारण २२. सगळं हातकाम बिनचूक असलं तरी निव्वळ योगायोगाने हा आकडा ४४ ते ५२ लाखांत कुठेही पडू शकतो. पिपेट आणि चेंबरच्या चुका त्यात धरलेल्याच नाहीत. मशीन हजारो पेशी मोजतं, त्यामुळे तांबड्या पेशींचा रिपोर्ट आज हातमोजणीवर देऊ नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मशीनही फसतं म्हणा: कोल्ड ॲग्लुटिनिन (गारव्यात पेशी चिकटवणारी प्रतिद्रव्यं) असलेल्या रक्तात चिकटलेल्या पेशी ते एकच धरतं, काउंट पडतो आणि एमसीएचसी, म्हणजे पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणाचा आकडा, अशक्य वाटावा इतका चढतो. अशा वेळी नमुना ३७ अंशांवर गरम करून परत लावायचा.

चेंबर मात्र कपाटात टाकू नये. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत मशीनचा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या कणांचा) काउंट संशयास्पद वाटला, तर १ टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये १:२० करून याच चेंबरवर मोजतात. पाठीच्या कण्यातल्या पाण्यातल्या पेशीही यावरच.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे करायचं तर मुलांच्या बोटाला सुई लावू नये. बेकरीतलं चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात कालवून, पातळ करून चेंबरवर घ्यावं. घरं तीच, रेघांचा नियम तोच. फक्त अंकुर फुटलेली यीस्टची पेशी एक धरायची की दोन, हे मोजण्याआधी वर्गात ठरवून घ्यावं.