फिकी पॅणी

कोलंबोत एका निर्यातदाराकडे मी मालाची गुणवत्ता तपासतो. सर्वांत जास्त डोकं खाते ती कितुल पॅणी, म्हणजे कितुल माडाच्या रसाची काकवी. श्रीलंकेत म्हशीचं दही मडक्यात विरजतात आणि त्यावर ही पॅणी ओतून खातात. धुराचा वास, मागे रेंगाळणारी किंचित तुरट चव. अस्सल माल महाग, त्यामुळे साखरेचा पाक मिसळणारेही पुष्कळ.

दक्षिण श्रीलंकेतल्या देनियायहून आलेला एक लॉट रंगाने फारच फिका निघाला आणि भेसळीच्या संशयाने खरेदी विभागाने पैसे अडवले. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर किती ते कळतं, कुणाची ते नाही. कितुलच्या रसातही मुख्यतः सुक्रोजच, उसात असतं तेच. कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी झाड तरी बघावं, म्हणून सिंहराजा नावाच्या जंगलालगतच्या त्या गावी गेलो.

कितुल म्हणजे आपला भेरली माड. आमच्या सिंधुदुर्गात त्याच्या झावळ्या मांडवाला लावतात. इथे त्यावर घर चालतं. तो लॉट पाठवणारे अय्या (सिंहलीत थोरला भाऊ; मी त्यांना तसंच म्हणतो) खोडाला बांधलेल्या आडव्या काठ्यांवरून सरसर वर गेले, फुलोऱ्याच्या टोकाचा पातळ काप घेतला आणि भरलेलं मडकं उतरवलं. हे सकाळ-संध्याकाळ, पाऊस असला तरी.

मडक्याच्या तळाशी हाल नावाच्या झाडाची साल होती. शेजारच्या मडक्यात मुद्दाम घातली नव्हती. त्याला फेस आला होता, आंबूस वास सुटला होता.

"महत्तया (साहेब), साल नसली की दुपारपर्यंत ताडीच," अय्या म्हणाले.

सालवाल्या रसात पीएच पट्टी बुडवली. आंबटपणा नावाला नव्हता. तो रस त्यांच्या बायकोने लगेच कढईत ओतला, जाळ मंद ठेवला, वर येणारा फेस काढत राहिली. सहा-सात भांडी रस आटून जेमतेम भांडंभर पॅणी उरली, आणि तिचा रंग आमच्या लॉटसारखाच फिका! ताजा रस, मंद जाळ. करपायला वावच नव्हता. बाजारात काळी पॅणी म्हणजेच अस्सल असं समजतात, ते मला पटत नाही.

तरी डोळ्यांवर विसंबून शेरा देता येत नाही. ऊस आणि माड हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, त्यामुळे कार्बनच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड अणूंचं) प्रमाण तपासलं की उसाची साखर पकडता येते. चाचणी महागडी आहे, पण मी हट्टाने करून घेतली. नमुना स्वच्छ निघाला, पैसे सुटले.

माझी काळजी वेगळीच आहे. कितुलचे फुलोरे शेंड्यापासून खाली येत जातात. सर्वांत खालचा संपला की झाड मरतं. नवी रोपं बहुतेक कांडेचोराने (उदमांजराने) फळं खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांतून उगवतात. अय्यांचा मुलगा झाडावर चढत नाही, आणि एवढ्या जोखमीला आम्ही देतो तो भाव बघता त्याने चढावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पुढच्या खरेदीचा दर वाढवावा, असं अहवालात लिहिलंय.