जर्मनीतून बेळगावच्या फुटबॉल पालकांसाठी

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातील क्लबात अकरा वर्षांच्या मुलाचे नाव घालायला गेलो, तेव्हा क्लबच्या सचिवांनी त्याच्या खेळाआधी माझ्या नोकरीची चौकशी केली. मुलाचा पासपोर्ट, बेळगाव महापालिकेचा कन्नड-इंग्रजी जन्मदाखला, आम्हा दोघांचे निवास परवाने आणि माझा नोकरीचा करार, असे सगळे कागद त्यांनी फुटबॉल महासंघाकडे पाठवले आणि मंजुरी येईपर्यंत मुलाला सराव करू दिला, पण सामन्यात उतरवले नाही. गावच्या हौशी क्लबासाठी एवढी कागदपत्रे कशाला, असे आम्हाला वाटले. सचिवांनी कारण समजावून सांगितले आणि ते कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांना ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नोंदणी व हस्तांतरण नियमावलीतील कलम 19 नुसार अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात जाता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला आले असतील, तर मुलाला परवानगी मिळते, आणि म्हणूनच माझा करार तपासला गेला. सोळा ते अठरा वयोगटासाठीची सवलत युरोपीय संघाच्या अंतर्गत हस्तांतरणांसाठी आहे. सीमेपासून 50 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांनाही एक सवलत आहे, परंतु ती देशांच्या सीमेची आहे. आपल्या सीमाभागातील पोराने कोल्हापूरला किंवा गोव्याला खेळायला जाणे हा देशांतर्गत मामला आहे. निर्वासित मुलांसारखे आणखी काही अपवाद आहेत. मात्र ‘मुलगा फार गुणी आहे’ हा अपवाद नियमावलीत कुठेही नाही.

हे लिहायला घेतले ते दाजींच्या फोनमुळे. आक्काचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, टिळकवाडीच्या लेले मैदानावर सकाळ-संध्याकाळ घाम गाळतो आणि खरोखर चांगला खेळतो. एका एजंटाने दाजींना स्पेनमधील क्लबाची ट्रायल, राहण्याची सोय आणि पसंती मिळाल्यास लगेच करार, असे सांगून सहा लाख रुपये मागितले, निम्मे आगाऊ. दाजी म्हणाले, “पोरगं दिवसभर तेच बोलूलालंय. खानापूरकडचा तुकडा काढू काय?” मी त्यांना स्पष्टपणे नको म्हटले. प्रशिक्षकाला पोरगा कितीही आवडला, तरी आईवडील बेळगावात असताना त्या क्लबाला अठराव्या वाढदिवसापर्यंत त्याची नोंदणी करता येणार नाही, आणि नोंदणीवाचून अधिकृत सामना खेळता येत नाही. एजंट विकत होता ती ट्रायल होती. करार त्याच्या हातात नव्हताच.

नियम मोडणारा क्लब मोठा असला म्हणून सुटत नाही. अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीवरून 2014 मध्ये बार्सिलोनाला साडेचार लाख स्विस फ्रँकचा दंड झाला आणि खेळाडूंच्या हस्तांतरणाच्या सलग दोन मुदतींत (ट्रान्सफर विंडो) नवे खेळाडू घेण्यास बंदी झाली. 2016 मध्ये रिआल माद्रिद व ॲटलेटिको माद्रिदवर आणि 2019 मध्ये चेल्सीवर याच कारणाने कारवाई झाली. परंतु मला अधिक लागते ते मुलांचे. बार्सिलोनाच्या अकादमीतील दक्षिण कोरियाचा ली सुंग-वू याला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत अधिकृत सामन्यांपासून दूर राहावे लागले. चूक मोठ्यांची आणि हंगाम गेले पोराचे. त्याहून वाईटही घडते. जून 2023 मध्ये पोर्तुगालच्या उत्तर भागातील एका अकादमीवर धाड पडली, तेव्हा आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशियातून फुटबॉलच्या आशेने आलेली अनेक मुले तेथे सापडली आणि त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेल्याचे बातम्यांत आले. जमीन विकून पाठवलेले पोर परक्या मुलुखात पासपोर्टाविना अडकले, तर ते कोणाला हाक मारणार?

आता अकादमीची बाजू, कारण तीही खरी आहे. भाच्याचे सर स्वतःच्या खिशातून चेंडू आणतात, आणि घडवलेला पोरगा मोठ्या क्लबाने उचलला की त्यांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून ते पालकांकडून मुलगा पाच वर्षे अकादमी सोडणार नाही असा बाँड स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. त्यांची तळमळ मला समजते, पण हा कागद टिकणारा नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 नुसार अल्पवयीन व्यक्ती करारास पात्र नाही, आणि तिचा करार मुळातच रद्दबातल असतो हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये ठरवून दिले. बापाने मुलाच्या वतीने सही केली तरी भागत नाही: 1949 मध्ये, बेळगाव मुंबई प्रांतात असतानाच, राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने वडिलांनी अल्पवयीन अभिनेत्रीसाठी केलेला नोकरीचा करार रद्दबातल ठरवला आणि त्यामुळे त्या मुलीला स्वतःचे नुकसानही वसूल करता आले नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूचा तीन वर्षांहून लांब करार फिफालाही मान्य नाही. शाळेचा दाखला अडवून ठेवणारे प्रशिक्षक तर मुलाच्या शिक्षणावरच घाला घालतात.

सरांचा हक्क नोंदणीत आहे. करार संपण्याआधी दुसऱ्या देशातील क्लबाने पैसे मोजून खेळाडूला घेतले, तर त्या रकमेतील पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. बारा ते पंधरा या वयासाठी दर हंगामी पाव टक्का, पुढे अर्धा टक्का. दहा कोटींच्या व्यवहारात पहिले चार हंगाम शिकवणाऱ्या क्लबाचे दहा लाख होतात. नोव्हेंबर 2022 पासून ही रक्कम पॅरिस येथील फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमार्फत, म्हणजे असे पैसे वाटणाऱ्या केंद्रामार्फत, वाटली जाऊ लागली आहे. मात्र क्लब राज्य संघटनेशी संलग्न हवा आणि मुलाचे नाव त्या हंगामात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत हवे. नुसता फलक लावलेल्या अकादमीला यातले काही मिळत नाही.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. आमच्या क्लबात मुलांना विनामोबदला शिकवणाऱ्या पालकालाही गुन्हेगारी नोंदींचा सविस्तर दाखला आणावा लागतो. भारतात 2012 च्या पोक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुले रात्री मुक्कामी ठेवणाऱ्या प्रत्येक अकादमीत हे भिंतीवर लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

दाजींनी एजंटाला पैसे दिलेले नाहीत. सरांशीही मी बोललो असून बाँडचे कागद पालकांना परत करावेत आणि बारा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून प्रत्येकाची नोंदणी मुदतीआधी पूर्ण करावी, असे त्यांना सुचवले आहे. दोन मुलांच्या जन्मदाखल्यातील व आधारमधील नावांचे स्पेलिंग जुळत नाही, ते काम त्यांना आधी उरकावे लागेल.